मोल कलेचे, हिशेब श्रमांचा
(चेन्नईतील तंजावर चित्रांच्या निमित्ताने)

कलेचे मोल पैशांत करता येत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. भावना म्हणून हे विधान सुंदर आहे; परंतु चित्र दुकानाच्या भिंतीवर टांगले की त्याखाली एक आकडा लिहावाच लागतो. तो आकडा कोणी ठरविला, कशाच्या आधारे ठरविला आणि त्यातून कलावंताच्या हाती काय उरले, यावर ती कला पुढच्या पिढीकडे जाणार की नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. हस्तकलेच्या वस्तूंची किंमत ठरविणे हा म्हणूनच केवळ व्यापाराचा विषय नसून कलेच्या अस्तित्वाचा विषय आहे. चेन्नई शहरात तयार होणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या तंजावर चित्रांचे उदाहरण घेऊन या विषयाचा येथे विचार केला आहे.

मराठ्यांच्या आश्रयाने वाढलेली कला

तंजावर चित्रांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या चित्रपरंपरेला मराठा दरबाराच्या आश्रयाने आजचे परिचित रूप प्राप्त झाले. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे विद्वानांना परिचित असलेले सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात तर या कलेला विशेष बहर आला.

या चित्राची घडण वैशिष्ट्यपूर्ण आहे. तमिळमध्ये त्याला 'पलगै पडम्' म्हणजे फळीवरील चित्र असे म्हणतात. पूर्वी फणसाची किंवा सागाची फळी वापरीत. आता बहुधा प्लायवूड वापरतात. फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देतात. रेखाटन झाल्यावर दागिने, महिरप, सिंहासन हे भाग खडू व डिंक यांच्या लगद्याने उठावदार करतात, त्यात खडे बसवितात आणि उठावावर सोन्याचा वर्ख चिकटवितात. रंगकाम त्यानंतर होते. चेहऱ्याचे व डोळ्यांचे काम सर्वांत नाजूक आणि सहसा शेवटी केले जाते.

राजाश्रय गेला, तशी ही कला बाजाराच्या आश्रयाला आली. चेन्नईत अण्णा सालैवरील पूम्पुहार या विक्री केंद्रात अशी चित्रे मिळतात. तमिळनाडू हस्तकला विकास महामंडळाची स्थापना १९७३ साली झाली आणि पूम्पुहार हे त्याच्याच विक्री केंद्रांचे नाव होय. मुट्टुक्काडू येथे १९९६ साली सुरू झालेल्या दक्षिणचित्र या संग्रहालयात कारागीर स्वतः वस्तू विकतात. खासगी दालने, प्रदर्शने आणि घरगुती विक्री ही निराळीच. शहराच्या अनेक वस्त्यांत तंजावर चित्रकलेचे वर्ग चालतात व तेथे शिकलेल्या कित्येक गृहिणी पुढे घरी चित्रे करून विकू लागतात. दरबारात कलावंताचे मानधन राजा ठरवीत असे. आज ते त्याला स्वतःलाच ठरवावे लागते. अडचण नेमकी येथेच आहे.

नेहमीची चूक

समजा, पश्चिम माम्बळममधील एका गृहिणीने नवनीत कृष्णाचे मध्यम आकाराचे चित्र केले. (येथील व पुढील सर्व आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.) फळी, कापड, खडू व डिंक यांस ४०० रुपये, सोन्याच्या वर्खास २,४०० रुपये, खड्यांस ३५० रुपये, रंग व कुंचल्यांच्या झिजेस २५० रुपये आणि चौकट व काच यांस १,१०० रुपये लागले. एकूण ४,५०० रुपये झाले. बाईंनी त्यात 'आपले म्हणून' १,५०० रुपये मिळविले आणि चित्र ६,००० रुपयांना दिले. दीड हजार रुपये सुटले, या समाधानात पुढचे चित्र हाती घेतले.

आता हा हिशेब पूर्ण करू. वर्ख फाटतो, खडे निसटतात, एखादी फळी वाकते. अशी नासाडी प्रत्येक चित्रामागे ३०० रुपये धरू. कामाची खोली, वीज, प्रवास, दूरध्वनी, वेष्टण, अवजारे यांवर वर्षाकाठी ३६,००० रुपये खर्च होतात आणि वर्षभरात अशी ३० चित्रे होतात, असे मानले तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला १,२०० रुपये येतात. म्हणजे ४,५०० अधिक ३०० अधिक १,२०० मिळून बरोबर ६,००० रुपये होतात. चित्र ६,००० रुपयांनाच विकले गेले. त्या चित्रासाठी दिलेल्या ४० तासांबद्दल बाईंना एक पैसाही मिळाला नाही. त्यांना सुटल्यासारखे वाटलेले दीड हजार रुपये घरखर्चातून नकळत आधीच गेलेले होते.

येथे दोष हिशेबाच्या क्रमाचा आहे. आधी किंमत ठरते, मग खर्च वजा होतो आणि जे उरेल ती मजुरी मानली जाते. योग्य क्रम याच्या उलट आहे. मजुरी हा उरलेला भाग नसून खर्चाचाच एक घटक आहे, हे या विषयातील पहिले व सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. घरच्या माणसाने केलेल्या कामालाही हे लागू आहे. किंबहुना तेथेच ते अधिक विसरले जाते.

किंमत कशी बांधावी

मजुरीचा दर ठरविण्यासाठी आधी वर्षभरातील प्रत्यक्ष कामाचे तास मोजावेत. वर्षाला ३०० दिवस व दिवसाला ६ तास धरले तर १,८०० तास होतात. परंतु त्यातील सुमारे एक तृतीयांश वेळ सामान आणणे, दुकानांत फेऱ्या मारणे, ग्राहकांशी बोलणे, पत्रव्यवहार व हिशेब यांत जातो. म्हणून चित्रावर खर्च होणारे तास १,२०० धरावेत. वर्षाला किमान १,२०,००० रुपये मिळावेत अशी अपेक्षा असेल, तर ताशी मजुरी १०० रुपये ठरते. त्याच १,२०० तासांवर ३६,००० रुपयांचा अप्रत्यक्ष खर्च वाटला, तर तो ताशी ३० रुपये पडतो. आता वरील चित्राचा हिशेब असा मांडता येईल :

कच्चा माल : ४,५०० रुपये
नासाडी : ३०० रुपये
मजुरी (४० तास, ताशी १०० रुपये) : ४,००० रुपये
अप्रत्यक्ष खर्च (४० तास, ताशी ३० रुपये) : १,२०० रुपये
एकूण खर्च : १०,००० रुपये
नफा (खर्चावर २० टक्के) : २,००० रुपये
घाऊक किंमत : १२,००० रुपये

मजुरी मिळाल्यावर नफा वेगळा कशाला, असा प्रश्न येथे संभवतो. मजुरी ही हातांच्या श्रमांची असते. नफा हा गुंतविलेल्या भांडवलाचा, पत्करलेल्या जोखमीचा आणि उद्याच्या वाढीचा असतो. न विकली गेलेली चित्रे, नवा प्रयोग, मदतनिसाचे प्रशिक्षण या सर्वांची तरतूद नफ्यातूनच होते. ३० ऐवजी २० चित्रेच विकली गेली, तर ३६,००० रुपयांपैकी २४,००० रुपयेच वसूल होतात. उरलेले १२,००० रुपये सोसण्याची ताकद नफ्यामुळे येते.

काही कलावंत चौरस इंचाला अमुक रुपये अशा दराने किंमत सांगतात. ही पद्धत सोपी असली तरी फसवी आहे. एकट्या बाळकृष्णाचे चित्र आणि तेवढ्याच आकाराचे रामपट्टाभिषेकाचे चित्र यांत आकृत्यांची संख्या निराळी, चेहऱ्यांचे काम निराळे आणि वर्खाचा वापरही निराळा असतो. शिवाय आकार निम्मा केला म्हणून चेहऱ्याला लागणारा वेळ निम्मा होत नाही. तेव्हा आकाराचा दर सांगण्यापुरता ठेवावा; ठरविताना मात्र तासांची नोंदवही पाहावी. प्रत्येक चित्राची सुरुवात, शेवट व तास यांची साधी नोंद तीन महिने ठेवली, तरी बरेच गैरसमज दूर होतात.

सोने : कोणत्या भावाने धरावे?

तंजावर चित्राच्या किमतीत सोन्याचा वाटा मोठा असतो आणि सोन्याचा भाव स्थिर राहत नाही. सहा महिन्यांपूर्वी २,४०० रुपयांत घेतलेला वर्ख आज ३,२०० रुपयांना मिळत असेल, तर हिशेबात कोणता आकडा धरावा? खरेदीच्या पावतीवर जुना आकडा असतो, म्हणून तोच धरण्याकडे कल असतो. परंतु हे चित्र विकल्यावर पुढच्या चित्रासाठी वर्ख आजच्याच भावाने घ्यावा लागणार आहे. जुन्या भावाने किंमत लावली तर २,००० रुपयांच्या नफ्यातील ८०० रुपये पुढच्या वर्खातच जातात. म्हणून किंमत ठरविताना माल पुन्हा भरून काढण्यासाठी आज जो खर्च येईल, तोच धरावा.

मागणीनुसार चित्र करून देताना ही दक्षता अधिक घ्यावी. दरपत्रकावर त्याची मुदत, उदाहरणार्थ पंधरा दिवस, स्पष्ट लिहावी. काम सुरू करण्यापूर्वी निदान वर्ख व अन्य साहित्याचा खर्च भागेल एवढी रक्कम आगाऊ घ्यावी. देवतेचे रूप, आकार, खड्यांचा प्रकार, चौकट व पूर्ण करण्याची तारीख लेखी असावी. रेखाटनास ग्राहकाची संमती मिळाल्यानंतर सुचविलेल्या बदलांचा आकार वेगळा राहील, हेही आधीच सांगावे. असे लेखी टिपण हे अविश्वासाचे लक्षण नसून दोन्ही बाजूंचे संबंध सुरळीत ठेवण्याचे साधन आहे.

दुकानदाराचा वाटा

दुकानदार १२,००० रुपयांना घेतलेले चित्र २०,००० रुपयांना विकतो, हे पाहून अनेक कलावंतांना अन्याय झाल्यासारखे वाटते. परंतु दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, दिवाबत्ती, विमा, अडकलेले भांडवल आणि न विकलेला माल हे सर्व त्या ८,००० रुपयांतूनच भागवायचे असते. प्रश्न हा वाटा असावा की नसावा असा नसून, तो किंमत बांधतानाच हिशेबात धरला होता की नाही असा आहे.

येथे टक्केवारीची एक गफलत वारंवार होते. दुकानदार 'माझा ४० टक्के' असे म्हणतो, तेव्हा ते टक्के बहुधा विक्री किमतीवरचे असतात. कलावंत मात्र आपल्या १२,००० रुपयांवर ४० टक्के चढवितो आणि विक्री किंमत १६,८०० रुपये ठरवितो. विक्रीनंतर दुकानदार १६,८०० रुपयांवर ४० टक्के म्हणजे ६,७२० रुपये ठेवून घेतो. कलावंताच्या हाती १०,०८० रुपये येतात. खर्च १०,००० रुपयांचा असल्याने नफा उरतो केवळ ८० रुपये! योग्य रीत अशी की, दुकानदाराचे ४० टक्के गेल्यावर आपल्याकडे ६० टक्के उरणार, तेव्हा १२,००० ला ०.६० ने भागावे. उत्तर २०,००० रुपये येते. दुकानदाराशी बोलताना 'टक्के खरेदीवर की विक्रीवर?' हा एक प्रश्न विचारला, तरी मोठे नुकसान टळते.

बरीच दालने माल विकत न घेता विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर, म्हणजे कन्साइनमेंटवर ठेवून घेतात. नव्या कलावंताला त्यामुळे दालनात प्रवेश मिळतो हे खरे; पण भांडवल मात्र त्याचेच अडकते. चार चित्रे सहा महिने दालनात राहिली आणि प्रत्येकात ६,००० रुपयांची रोख गुंतलेली असेल, तर २४,००० रुपयांवर वार्षिक १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज १,४४० रुपये, म्हणजेच प्रत्येक चित्रामागे ३६० रुपये होते. रोखीने विकत घेणाऱ्या दुकानाला आणि कन्साइनमेंटवर ठेवणाऱ्या दुकानाला एकच वाटा देणे त्यामुळे योग्य ठरत नाही. ठेवलेल्या मालाची सही-शिक्क्यानिशी यादी, मोडतोडीची जबाबदारी, परत घेण्याची मुदत आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील, या चार गोष्टी लेखी असाव्यात.

विकत घेतलेल्या मालाचे पैसे थकत असतील, तर कायद्याचे साहाय्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करारातील मुदतीत द्यावे लागते व ती मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. त्यासाठी उद्यम नोंदणी असणे आवश्यक आहे.

थेट विक्री आणि एकच भाव

मार्गळी महिन्यात चेन्नईत संगीतोत्सव भरतो. त्या सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, परगावचे व परदेशस्थ रसिक शहरात येतात. नवरात्रात कोलूच्या बाहुल्यांसाठी मयिलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीचे रस्ते फुलून जातात. अशा वेळी प्रदर्शनात गाळा घेण्याचा मोह साहजिक आहे. दुकानदाराला द्यावे लागणारे ८,००० रुपये आता आपलेच, असे कलावंताला वाटते. प्रत्यक्षात गाळ्याचे भाडे १५,००० रुपये, वाहतूक व मदतनीस ५,००० रुपये आणि स्वतःचे पाच दिवस, रोजचे ८ तास म्हणजे ४,००० रुपये असे एकूण २४,००० रुपये खर्च होतात. ८,००० रुपयांच्या फरकातून ते भरून यायला तीन चित्रे विकली जावी लागतात. चौथ्या चित्रापासून खरा लाभ सुरू होतो.

याच कारणासाठी घरी किंवा प्रदर्शनात येणाऱ्या ग्राहकाला घाऊक भावाने चित्र देऊ नये. दालनात २०,००० रुपयांना असलेले चित्र कलावंताच्या घरी १२,००० रुपयांना मिळते, हे कळले की दालनाचा विश्वास उडतो. ग्राहकालाही फसल्यासारखे वाटते. विक्री कोठेही होवो, किरकोळ किंमत सामान्यतः एकच असावी.

घासाघीस हा आपल्या बाजाराचा स्वभाव आहे. परंतु १२,००० रुपयांवर १० टक्के सूट म्हणजे १,२०० रुपये. आणि ते २,००० रुपयांच्या नफ्यातून जातात. सूट १० टक्क्यांची, पण नफ्यातील घट ६० टक्क्यांची! ग्राहकाची ऐपत कमी असेल तर भाव कमी करण्याऐवजी वस्तू बदलावी. लहान आकाराचे, कमी उठावाचे, साध्या चौकटीतील चित्र सुचवावे. ग्राहकही राखला जातो आणि मजुरीही.

विश्वासाचे मोल

भाव न परवडल्यामुळे जो मार्ग सर्वांत सोपा वाटतो, तोच सर्वांत घातक असतो. अस्सल वर्खाऐवजी नकली सोनेरी कागद लावायचा आणि चित्र अस्सल म्हणून विकायचे, हा तो मार्ग होय. नकली वर्खाचे चित्र स्वस्तात विकण्यात गैर काही नाही. ते लपविण्यात आहे. काही वर्षांनी वर्ख काळवंडतो आणि त्या एका चित्राबरोबर साऱ्या कलावंतांच्या शब्दाची किंमत उतरते. म्हणून प्रत्येक चित्रामागे वर्खाचा प्रकार, फळी, खडे, वर्ष व निगा राखण्याच्या सूचना लिहिलेले पत्रक असावे. तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्याचे बोधचिन्ह वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच असतो. तशी नोंदणी नसलेल्या कलावंताने 'तंजावर शैलीतील चित्र' असा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

वस्तूविषयी ग्राहकाला काय सांगितले जाते यावर किंमत कशी अवलंबून असते, याचा एक प्रसिद्ध दाखला याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडाचा आहे. १९५८ च्या सुमारास कॅप्टन कृष्णन नायर यांच्यामार्फत मद्रास चौकडीचे हातमाग कापड अमेरिकेत गेले. त्याचा रंग धुताना उतरत असे. धुण्याविषयीची सूचना ग्राहकांपर्यंत न पोहोचल्याने तक्रारी झाल्या. पुढे प्रत्येक धुण्यागणिक नवी छटा देणारे कापड अशी त्याची उघड जाहिरात झाली आणि त्याच गुणासाठी लोक ते मागू लागले. कापड तेच होते, रंगही तोच. माहिती दिल्याने दोषाचे वैशिष्ट्य झाले. हाताने केलेल्या वस्तूतील लहानसा असमानपणा हा हाताचा ठसा आहे, हे ग्राहकाला समजावून सांगणे हाही किंमत राखण्याचाच भाग होय.

बँक आणि हिशेबाची वही

सणासुदीच्या विक्रीसाठी माल आधी चार महिने तयार करावा लागतो. वर्ख, खडे, चौकटी यांत पैसा गुंततो आणि तो परत येईपर्यंत घरखर्च थांबत नाही. हा काळ नातेवाईकांच्या उसनवारीवर किंवा सावकाराच्या पैशांवर काढण्यापेक्षा खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे यावे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज 'शिशु' गटात, तर त्यापुढे ५ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 'किशोर' गटात मिळू शकते. अर्ज करताना वर दाखविल्याप्रमाणे एका चित्राचा खर्चतक्ता, वर्षभरातील अपेक्षित विक्री आणि दुकानदारांकडील येणी यांची यादी जोडली, तर किती रक्कम, किती काळासाठी लागणार आहे हे बँकेलाही स्पष्ट दिसते. विक्रीचे पैसे खात्यातूनच घेण्याची सवय ठेवल्यास पुढच्या वर्षीच्या मागणीला तो आधार होतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते काय व लागू दर कोणता, हे मात्र करसल्लागाराकडून तपासून किमतीत धरावे.

कोणत्याही हिशेबाने ठरलेली किंमत बाजार मान्य करीलच असे नाही. हिशेब १०,००० रुपये खर्च सांगतो आणि बाजार ८,००० रुपयेच देऊ म्हणतो, असेही घडेल. अशा वेळी वेळ कमी लागेल अशी कामाची रीत शोधावी, निराळा ग्राहकवर्ग शोधावा किंवा ती वस्तू करणे सोडून द्यावे. या तिन्ही वाटा खुल्या आहेत. चौथी वाट, म्हणजे आपली मजुरी गुपचूप शून्य करून घेणे, ही मात्र बंद समजावी. ज्या घरात आईच्या चाळीस तासांचे काहीच मिळत नाही, त्या घरातील मुलगी कुंचला हाती घेत नाही. एकेकाळी राजाश्रयाने जगलेली कला आज जगवायची असेल, तर प्रत्येक कलावंताने आपल्या श्रमांचा आकडा हिशेबाच्या वहीत आधी लिहावा. चित्राची किंमत त्यानंतर.